मशीनच्या नियमाला मुदतवाढ मिळाली, केबलला नाही : मालेगाव-नाशिकच्या कारखान्यांनी काय तपासावं?

केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी यंत्रसामग्रीच्या सुरक्षिततेबाबत एक मोठा आदेश काढला. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, मशीन टूल्स, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर यांच्यासोबत विणकामाचे माग आणि एम्ब्रॉयडरीची मशीनंही त्यात आली. देशात बनलेलं असो की बाहेरून आणलेलं, अशा यंत्राला भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र लागणार, असा त्याचा अर्थ. अंमल २८ ऑगस्ट २०२५ पासून व्हायचा होता. जून २०२५ मध्ये तो १ सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आला.

बातमी आली तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. यंत्र बनवणाऱ्यांना आणि आयातदारांना तयारीला वेळ हवा होता, हे खरंच आहे. पण या मुदतवाढीचा चुकीचा अर्थ घेतला जाण्याची भीती आहे. पुढे ढकलला गेलाय तो नव्या मशीनच्या प्रमाणपत्राचा नियम. आपल्या कारखान्यात आज जी केबल तापते आहे, तिच्यासाठी कोणतीही मुदतवाढ नाही. वायर-केबलवर आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश २००३ सालचा आहे, म्हणजे दोन दशकांहून जुना.

या बातमीच्या काही आठवडे आधीच, १८ मे २०२५ च्या पहाटे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली. ८ जण गेले. त्यात कारखान्याचे वयोवृद्ध मालक, त्यांच्या घरातली माणसं, एक तान्हं मूल आणि कामगार होते. कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होतं. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा सांगितला गेला. त्याआधी ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात ६ कामगार झोपेतच आगीत सापडले. दोन्ही ठिकाणची कारणं शोधणं हे तपास यंत्रणेचं काम आहे. पण पहाटेची वेळ, झोपलेली माणसं, आत भरलेला कापडाचा किंवा कच्चा माल आणि बाहेर पडायला अपुरी वाट, हे चित्र मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी कुठेही ओळखीचं वाटेल.

'शॉर्टसर्किट' म्हटलं की चौकशी संपते

आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : आग शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा अंदाज. जणू शॉर्टसर्किट म्हणजे आभाळातून पडलेली वीज. पण शॉर्टसर्किट ही साखळीची शेवटची कडी असते. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. कमी जाडीची वायर महिनोन्‌महिने तापत राहते. तिचं प्लास्टिक कडक होतं, तडकतं. कुठे टर्मिनलचा स्क्रू सैल असतो, कुठे तेल झिरपलेलं असतं, कुठे उंदराने कुरतडलेलं असतं. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घातलेली असते. मग एका रात्री दोन तारा एकमेकींना भिडतात आणि बाजूला कापसाच्या बारीक तंतूंचा थर असतो.

म्हणजे शॉर्टसर्किट हे उत्तर नाही, प्रश्न आहे. वायर कोणती होती? किती भार होता? तिच्या मागे कोणता एमसीबी होता? हे प्रश्न आगीनंतर विचारले जातात तेव्हा पुरावा जळून गेलेला असतो. म्हणून ते आधी विचारायचे.

कायद्याच्या जाळीतून निसटणारे कारखाने

नाशिक जिल्ह्यात दोन वेगळी औद्योगिक जगं आहेत. सातपूर-अंबडला महिंद्रा, बॉश, एबीबी, क्रॉम्प्टन अशा नावांची वस्ती. शहराजवळ शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक प्रयोगशाळा. देशभर जाणारे स्विचगिअर इथे बनतात. तिथून साधारण शंभर किलोमीटरवर मालेगाव. तिथे यंत्रमागांची संख्या लाखांवर आहे, आणि बहुतेक कारखाने घराच्या खाली, बाजूला किंवा गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये. इथला कारखानदार आणि मजूर पुष्कळदा एकाच मोहल्ल्यातले, एकाच मशिदीत नमाज पढणारे.

मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी असतो, ऑडिट असतं. लहान लूमच्या कारखान्यात काय असतं? कारखाने अधिनियम १९४८ नुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगारांपासून कायदा लागू व्हायचा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून हा आकडा २० केला. बारा-चोवीस लूमच्या शेडमध्ये एका पाळीला मोजकीच माणसं असतात. म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टर तिथे पोहोचतच नाही. राज्याचा विद्युत निरीक्षक विभाग आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२३ ची सुरक्षा नियमावली आहे, काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं बंधन आहे. पण गल्लीबोळातल्या हजारो शेडपर्यंत रोज कोण जाणार?

मालेगावचं वीज वितरण १ मार्च २०२० पासून फ्रँचायझी कंपनीकडे आहे. वीजबिल, थकबाकी, दरसवलत यावर शहरात सतत चर्चा चालते, आंदोलनंही होतात. २७ एचपीच्या आत की बाहेर, हा प्रश्न प्रत्येक कारखानदाराला पाठ आहे, कारण सवलत त्यावर ठरते. मीटरच्या पुढच्या, म्हणजे आपल्या हद्दीतल्या वायरवर मात्र क्वचितच बोललं जातं. तिथली जबाबदारी वीज कंपनीची नाही, आपली आहे.

मानक काय म्हणतं, सोप्या भाषेत

कारखान्याच्या वायरिंगचे दोन भाग समजा. मेन बोर्डापासून मशीनच्या आयसोलेटरपर्यंतचा पहिला भाग. त्यासाठी आयएस ७३२ ही वायरिंगची आणि आयएस ३०४३ ही अर्थिंगची संहिता आहे. आयसोलेटरच्या पुढे, मशीनच्या अंगावरचा दुसरा भाग. त्यासाठी आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. भारताने ते आयएस १६५०४ (भाग १) म्हणून स्वीकारलंय.

हे मानक साध्या गोष्टी मागतं. केबल तिच्यावरचा भार, आजूबाजूची उष्णता, तेल-पाणी आणि हालचाल या सगळ्याला पुरणारी हवी. पुरवठ्याच्या ठिकाणापासून मोटरपर्यंत दाबातली घट ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. हिरवी-पिवळी वायर फक्त अर्थिंगसाठी, दुसऱ्या कशालाही नाही. फेजची वायर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर त्याच धातूची अर्थ वायरही तेवढ्याच जाडीची. मशीनला स्वतःचा मेन स्विच हवा आणि तो दुरुस्तीच्या वेळी कुलूप लावून बंद ठेवता आला पाहिजे. हे शेवटचं कलम फिटरच्या जिवाचं आहे. तो मोटरवर हात घालून बसलेला असताना दुसऱ्याने नकळत स्विच पाडला, असे अपघात नवे नाहीत.

केबल निवडताना पाच प्रश्न

पहिला प्रश्न : भार किती? साध्या लूमला साधारण १ एचपीची मोटर धरली तर २४ लूमचा थ्री-फेज भार सुमारे ४० अँपिअर होतो, १२ लूमचा २० च्या आसपास. मोटर थेट सुरू होते तेव्हा काही क्षण सहा-सात पट करंट ओढते. साधे लूम काढून रेपिअर बसवले तर मोटरही मोठी येते. पण बऱ्याच ठिकाणी मशीन नवी आणि केबल वडिलांच्या काळातली असते. मशीन बदलली की केबलचा हिशोब पुन्हा मांडायचा, हा नियमच करा.

दुसरा प्रश्न : गरमी किती? आपल्याकडचे केबलच्या क्षमतेचे तक्ते हवेतल्या केबलसाठी ४० अंश तापमान धरून केलेले असतात. मालेगावचा एप्रिल-मे ४० वर कधीच जातो, आणि पत्र्याखाली छताला लागून धावणाऱ्या केबलभोवती हवा ५० अंशांपर्यंत पोहोचू शकते. साध्या पीव्हीसीच्या केबलमधल्या तारेची मर्यादा ७० अंश. या हिशोबाने तक्त्यात १०० अँपिअर लिहिलेली केबल ५० अंशांत ८२ च्या आसपासच झेपवते. एकाच पाइपात चार-पाच केबल कोंबल्या तर आणखी कमी. एक्सएलपीई केबलची मर्यादा ९० अंश असते, म्हणून मेन लाइनला ती बरी पडते.

तिसरा प्रश्न : केबल हलते का? लूम दिवसरात्र हादरत असतो. मोटरला जाणारी वायर एकसंध कडक तारेची असेल तर वाकून-वाकून आतून तुटते आणि तुटक्या जागी ठिणगी पडते. मशीनवर बारीक तारांची लवचिक वायर लागते. मानकाच्या भाषेत तिला क्लास ५ म्हणतात. टोकाला फेरूल किंवा लग दाबूनच ती टर्मिनलमध्ये घालायची. नुसती पिळून घातली की दोन महिन्यांत सैल होते.

चौथा प्रश्न : तेल, कूलंट, धूळ? अंबड-सातपूरच्या लहान जॉब शॉपमध्ये लेथ-मिलिंगवर कूलंट उडतं, लूमवर वंगण असतं. साधं पीव्हीसी तेलात कडक होतं किंवा फुगतं. तिथे तेल सोसणाऱ्या रबरी आवरणाची केबल लागते, तिचं मानक आयएस ९९६८. वेल्डिंगसाठी वेगळी केबल आहे, आयएस ९८५७. वेल्डिंगला घरगुती वायर जोडून काम चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे थांबवलंच पाहिजे.

पाचवा प्रश्न : आग लागलीच तर ती केबल काय करेल? पीव्हीसी जळताना काळा धूर आणि आम्लाचा वायू सोडतं. बंद जागेत माणूस ज्वाळेआधी धुरानेच गुदमरतो. वायरवर 'एफआर' लिहिलं असेल तर ती आग पुढे पसरवायला कमी मदत करते, पण धुराची हमी देत नाही. 'एफआरएलएस' मध्ये धूर आणि आम्लवायू दोन्हींवर मर्यादा असते. हॅलोजनमुक्त केबल त्याहून सुरक्षित, तिचं मानक आयएस १७०४८. जिथे वर किंवा आत माणसं झोपतात, तिथे किमान जिना आणि बाहेर पडायच्या वाटेवरची वायरिंग तरी या शेवटच्या दोन प्रकारांची असावी.

या पाच प्रश्नांनंतर एक गोष्ट विसरायची नाही. एमसीबी मशीनसाठी नसतो, केबलच्या रक्षणासाठी असतो. केबल २० अँपिअरची आणि एमसीबी ३२ चा, म्हणजे एमसीबी शांत बसणार आणि केबल जळणार. एमसीबी उडतो म्हणून मोठा बसवणं हे, ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. शिवाय प्रत्येक मोटरला ओव्हरलोड रिले, आणि लिकेजसाठी आरसीसीबी. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा, आणि आगीपासून बचावासाठी मेनवर ३०० चा बसवतात.

अस्सल की नकली, तराजू सांगतो

बाजारात नामांकित कंपनीच्या नावासारखं नाव, तसाच डबा, तसाच रंग असलेली वायर सर्रास मिळते. आत तांबं कमी असतं किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. काउंटरवर उभं राहून ओळखायच्या काही खुणा अशा :

– वायरच्या अंगावर ठराविक अंतराने कंपनीचं नाव, जाडी, व्होल्टेज आणि आयएसआय मार्क छापलेला असतो. घरगुती आणि हलक्या कामाच्या पीव्हीसी वायरवर आयएस ६९४, जड पीव्हीसी केबलवर आयएस १५५४, एक्सएलपीईवर आयएस ७०९८.

– मार्कसोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते तिथेच दिसतं. अ‍ॅपमधलं नाव आणि डब्यावरचं नाव जुळलं पाहिजे.

– एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ते तांबं नाही.

– वजन करा. २.५ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलात नुसतं तांबंच पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास असायला हवं. वरच्या प्लास्टिकचं वजन वेगळं. अख्खं बंडलच दोन किलोच्या आत भरलं तर दुकानदाराला विचारायला हवं.

– मोठी खरेदी असेल तर रेझिस्टन्स मोजून घ्या. २.५ च्या लवचिक तांब्याच्या वायरला २० अंशांत किलोमीटरला ७.९८ ओहम ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ९० मीटरला साधारण ०.७२ ओहम. साधा मल्टिमीटर इतकं बारीक मोजत नाही. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा आयटीआयच्या प्रयोगशाळेत त्यासाठीचं मीटर असतं.

– पक्कं बिल घ्या, त्यावर केबलचा प्रकार आणि मानक लिहून घ्या. उद्या विम्याचा सर्व्हेअर आला तर हाच कागद उपयोगी पडतो.

सक्तीचा मार्क नसलेली वायर बनवणं, आयात करणं आणि विकणं हा २०१६ च्या मानक ब्युरो कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हे आपल्यातल्या इलेक्ट्रिक दुकानदारांनीही लक्षात ठेवावं. मापात कमी देण्याबद्दल कुरआनात एक अख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. दोन ग्रॅम कमी तोलणाऱ्याला आपण बोल लावतो. तांबं कमी असलेली वायर जाणूनबुजून पूर्ण मापाची म्हणून विकणं ही त्याच जातीची गोष्ट आहे. फरक एवढाच की इथे गिऱ्हाइकाचे फक्त पैसे जात नाहीत.

'परवडत नाही' या म्हणण्याचं काय?

हा आक्षेप खोटा नाही. सुताचे भाव, कापडाची मंदी आणि विजेचे दर यांत लहान कारखानदार पिचलेला आहे. 'लूम भंगारात जायची वेळ आलीय, तुम्ही केबल बदला म्हणता?' असं कोणी विचारलं तर त्याला उडवून लावता येणार नाही.

पण हिशोब पूर्ण मांडायला हवा. समजा १२ लूमच्या लाइनला ४० मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आहे आणि तिच्यातून २० अँपिअर जातात. ती काठावर चालते. तिथे ६ चौरस मिलिमीटरची घातली तर केबलमध्येच वाया जाणारी वीज सुमारे २५० वॅटने कमी होते. रोज २० तास, वर्षात ३०० दिवस धरले तर साधारण १,५०० युनिट. म्हणजे बारीक केबल स्वस्त पडत नाही, ती हप्त्याने पैसे घेते. शिवाय मोटरला दाब कमी मिळाला की ती जास्त करंट ओढते, तापते आणि रिवाइंडिंगचा खर्च वेगळा.

सगळं एकदम बदलायची गरजही नाही. क्रम लावता येतो. सगळ्यात आधी, बिनपैशाचं काम : सैल टर्मिनल आवळणं, पॅनलमधला तंतू साफ करणं, फ्यूजमधली जाड तार काढणं, दरवाज्यासमोरचा माल हलवणं. मग एमसीबी-आरसीसीबी आणि अर्थिंग. त्यानंतर जी केबल हाताला गरम लागते ती. शेवटी उरलेली. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे जोडलंय तिथे बायमेटल लग आहे ना, तेवढं पाहून घ्या. नसेल तर तो जोड हळूहळू झिजतो आणि तापतो.

करायचं कोणी?

मालेगावात लूमना जुम्म्याची सुट्टी असते. लाइन बंद असण्याची आठवड्यातली ही एकच खात्रीची वेळ. महिन्यातून एका जुम्म्याला नमाजनंतर तासभर पॅनल उघडून पाहिलं तरी निम्मा धोका तिथेच पकडला जाईल. काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद करून.

यंत्रमागधारकांच्या संघटना दरसवलतीसाठी मंत्रालयापर्यंत जातात, ते योग्यच आहे. त्याच निवेदनात एक मागणी आणखी जोडावी : सवलतीसोबत लहान कारखान्यांच्या वायरिंग दुरुस्तीसाठी अनुदान किंवा स्वस्त कर्ज. विद्युत निरीक्षक विभागाने शिक्षेच्या धाकाऐवजी मोहल्ल्यात शिबिरं घेऊन तपासणी करावी, अशी मागणीही रास्त आहे. दंडाची भीती असेल तर कोणीही दार उघडत नाही. केबलची खरेदी दहा-वीस कारखान्यांनी मिळून थेट अधिकृत वितरकाकडून केली तर दरही उतरतो आणि नकली मालाचा धोकाही.

आपली मुलंही यात आहेत. नाशिकच्या वडाळा भागापासून मालेगावपर्यंत कितीतरी तरुण वायरमन, वेल्डर, फिटर म्हणून राबतात. बहुतेक जण उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, हातात कौशल्य पण कागद नाही. त्यांनी आयटीआयचा अभ्यासक्रम आणि वायरमनचा परवाना मिळवला, तर मानक वाचता येणारा माणूस मोहल्ल्यातच तयार होईल आणि त्याला मजुरीही चांगली मिळेल. १ सप्टेंबर २०२६ नंतर किंवा त्या आदेशात पुढे जे काही बदल होतील त्यानंतरही, अशा माणसांची गरज वाढणारच आहे.

आणि एक गोष्ट मालकांसाठी. रात्रपाळीनंतर मजूर कारखान्यातच झोपतो, कारण शहरात खोली परवडत नाही. तो आपल्या भरवशावर झोपतो. त्याचा जीव ही आपल्याकडची अमानत आहे. त्याला झोपायला वेगळी जागा द्यावी. तोवर निदान बाहेरून कुलूप लावू नये, बाहेर पडायला दुसरी वाट ठेवावी, आणि तो झोपतो त्या भागाची वीज रात्री मेनवरून बंद करावी. यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.